उजवीकडे पांढरं ग्लायडर

“दादा, टॉर्च जरा खाली धर. माझ्या डोळ्यांत नको, तारेवर.”

वनू ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये उलटी शिरली होती. डोकं सीटमागच्या पोकळीत आणि पाय बाहेर. मला तिचे फक्त पायमोजे दिसत होते, एक निळा आणि एक करडा. पत्र्याच्या हँगरच्या दारात आप्पा खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, “जन्मभर एसटी चालवली मी, पण गाडीच्या पोटात असं मुंडकं घातलेली बाई काय बघितली नव्हती बाबा.”

“आप्पा, ही गाडी नाही.”

“इंजिन नाही म्हणजे गाडी नाहीच ती. ढकलगाडी म्हणावी तर चाकंबी एकच.”

क्लबचे इंजिनिअर इनामदार बाजूला हात बांधून उभे होते. ते कंटाळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही आता बाहेर या. बसवायचं माझं काम आहे आणि खाली सहीही माझीच लागते. तुम्हीच सगळं केलंत तर मी काय सांगू वर?”

वनू बाहेर आली. केसांत फायबरची पांढरी भुकटी, कपाळाला काळा डाग. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, त्यामुळं तार दिसली की तिचे हात शिवशिवायचे. इनामदारांनी पुढचं काम केलं. पोटाखाली बोटाएवढी अँटेना लावली, सीटमागं नवी बॅटरी पट्ट्यांनी बांधली, वजन कुठं किती वाढलं ते तपासलं. मग त्यांनी हातातलं तपासणीचं यंत्र ग्लायडरसमोर धरलं. त्याच्या छोट्या पडद्यावर चार आकडे आले आणि खाली आमच्या उड्डाणाच्या माळाची उंची.

“बोललं!” वनू ओरडली आणि टाळी वाजवली.

“काय बोललं?” आप्पांनी विचारलं.

मी त्यांना समजावून सांगितलं. याला आता बरीच वर्षं झाली, पण तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढं ते सगळं मी मनात कितीतरी वेळा पुन्हा ऐकलं. मी त्या वेळी आमच्याच भागातल्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे अंधाऱ्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसायचं आणि कुठलं विमान कुठं वळेल, किती खाली येईल हे वैमानिकांना सांगायचं. आप्पांना मी म्हणालो, “फायबरचं ग्लायडर रडारला जवळपास दिसत नाही. पण हे यंत्र आत असलं की रडार हाक मारतं आणि हे ओ देतं. ट्रान्सपॉन्डर म्हणतात. ओ आली की माझ्या पडद्यावर ठिपका उमटतो, शेजारी उंची येते. मोठ्या विमानांनाही ती ओ ऐकू जाते.”

आप्पांनी थोडा वेळ विचार केला. “म्हणजे घाटातल्या वळणावरचा हॉर्न.”

“अगदी तोच.”

“मग आजवर बिनहॉर्नचे फिरत होता होय रे तुम्ही?”

त्यावर वनू खदखदून हसली. सबनीस सरांकडं बघून म्हणाली, “सर, ऐकलंत?”

सबनीस सर क्लबचे मुख्य प्रशिक्षक. सडपातळ, उन्हानं रापलेले, सत्तरीला टेकलेले. ट्रान्सपॉन्डरला सगळ्यांत जास्त विरोध त्यांचाच होता. आदल्या हिवाळ्यात एक प्रवासी विमान त्यांच्या ग्लायडरजवळून इतकं लगटून गेलं की विमानाच्या खिडक्या मोजता आल्या असत्या. त्या विमानाच्या वैमानिकांना ग्लायडर दिसलंही नव्हतं. मग वरून सुरक्षेच्या सूचना आल्या. विमानतळाच्या वाटेजवळ उडणाऱ्या ग्लायडरांनी ट्रान्सपॉन्डर बसवावा, उड्डाणापासून उतरेपर्यंत चालू ठेवावा, बॅटरी वाचवायला मध्येच बंद करू नये. त्या समजावून सांगायला विमानतळातर्फे मीच क्लबमध्ये गेलो होतो. सर म्हणाले होते, “फरांदे, माणूस ग्लायडिंगला येतो ते कुणी हाक मारू नये म्हणून. तुम्ही तिथंही हजेरी लावणार?”

त्यांना वनूनं उत्तर दिलं होतं. “सर, आपल्याला काय होईल ते सोडा. त्या विमानात सत्तर माणसं असतात. त्यांनी थोडंच ग्लायडिंग करायचं ठरवलंय?”

सरांनी मग विरोध सोडला होता. हँगरमध्ये उभे राहून ते आज तपासणीच्या यंत्राकडं बघत होते, आणि मला वाटतं, मनातून त्यांना बरं वाटत होतं.

वनू माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. ती पाच वर्षांची असताना आई गेली. आप्पा ड्यूटीवर असले की तिला शाळेत सोडायचं, वेण्या घालायच्या, परकराला इस्त्री करायची, हे सगळं मी केलं. कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात ती गेली आणि एकदा तिला ग्लायडरमध्ये बसवलं. त्या संध्याकाळी घरी येऊन ती जेवली नाही. “पोट भरलंय,” म्हणाली. त्यानंतर दर रविवारी माळावर. आम्हाला आधी वाटलं, लग्न झालं की सुटेल. मग लग्नाचंच कुणी बोलेना, आणि तिला ते बरंच होतं.

आता तिला लांबच्या उड्डाणाला जायचं होतं. माळावरून निघून दोन ठिकाणं गाठायची आणि त्याच दिवशी परत यायचं, इंजिन नसताना, फक्त तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर. घारी करतात तसं. सरांनी होकार दिला होता. राहिले होते आप्पा. सत्तावीस वर्षांच्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईला कुणाला विचारायची गरज नव्हती. पण आप्पांनी नको म्हटलं असतं तर ती गेली नसती.

हँगरमधून घरी येताना गाडीत तिनं विषय काढला. आप्पा पुढं बसले होते. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत त्यांना कधी चैन पडत नसे. उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबायचे.

“वाटेत हवा सरली तर?” त्यांनी विचारलं.

“शेतात उतरायचं, आप्पा. शिकवलेलं असतं. आम्ही सगळे उतरतो कधी ना कधी. लोक चहा पाजतात, पोरं गोळा होतात.”

“आणि कुठं हायस ते आम्हाला कसं कळायचं?”

वनूनं मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. मी म्हणालो, “आप्पा, आता तो प्रश्नच नाही. मला ती दिसत राहील.”

“पूर्ण वेळ?”

“रडारच्या टापूत असेपर्यंत पूर्ण वेळ.”

आप्पा म्हणाले, “मग जा.” आणि पुढच्या वळणाला मी हॉर्न दिला नाही म्हणून मला बोलले.

ती गेली ते एप्रिलच्या अखेरीस. सकाळी आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. माझी दुपारची ड्यूटी होती. ती मुद्दाम जमवलेली नव्हती, तशी ती येऊन पडली होती. ती निघताना मी माळावर जाऊन आलो. विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ग्लायडर पतंगासारखं वर ओढलं, दोर सुटला, आणि ते पांढरं लांब पंखांचं पाखरू आवाज न करता एका बाजूला कललं. आप्पा डोळ्यांवर हात धरून बघत होते. “सुटली,” म्हणाले.

रडारच्या खोलीला खिडकी नसते. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, आत काही कळत नाही. एसी घुमत असतो आणि सगळ्यांचे चेहरे पडद्याच्या उजेडात हिरवट दिसतात. मी जागेवर बसलो, कानाला हेडफोन लावला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात मला ती दिसली. एक ठिपका, त्याला चार आकडे, खाली उंची. मध्येच थांबायचा, गोल गोल फिरायचा, उंचीचे आकडे वाढायचे. मग सरळ निघायचा. पुन्हा थांबायचा. शेजारच्या जागेवर माझा सहकारी बर्डे होता. त्यानं वाकून बघितलं. “ही का ती?”

“हो.”

“मस्त चाललीय की.”

रेडिओवर आमचं सगळं बोलणं इंग्रजीत आणि ठरलेल्या शब्दांत होतं, मी ते इथं मराठीत सांगतोय. वनूनं मला रेडिओवर कधी ‘दादा’ म्हटलं नाही. माझं नाव घेतलं नाही. मला फार वाटायचं, एकदा तरी तिचा नेहमीचा आवाज यावा. पण तिथं ती एक ग्लायडर होती आणि मी एक नियंत्रक.

दोन्ही ठिकाणं तिनं गाठली. परतीला लागली. तेवढ्यात हवामानाच्या पडद्यावर पश्चिमेकडं एक ढग फुगायला लागला. वळवाचे ढग असेच येतात, अर्ध्या तासापूर्वी काही नसतं आणि मग डोंगराएवढं उभं राहतं. मी तिला सांगितलं, “पश्चिमेला ढग वाढतोय. सरळ घरी या.”

“समजलं. इथं चांगली उचल आहे. उंची घेते आणि निघते.”

बरोबर होतं तिचं. ग्लायडरला उंची म्हणजेच पेट्रोल. उंची नसती तर घरी पोचणंच नव्हतं. ठिपका गोल फिरू लागला. एकसष्ट. चौसष्ट. अडुसष्ट. म्हणजे सहा हजार आठशे फूट.

त्याच वेळी मुंबईहून येणारं पंख्यांचं प्रवासी विमान माझ्याकडं आलं. त्यांच्या सरळ वाटेवर तो ढग होता. वैमानिकानं विचारलं, “ढगाला वळसा घालू का? उत्तरेनं?” उत्तरेनं म्हणजे थेट वनूच्या दिशेनं, आणि ते खाली उतरत येत होतं. तो ठिपका पडद्यावर नसता तर मी ‘घाला’ म्हटलं असतं. नाही म्हणायचं कारणच नव्हतं. मोकळी हवा होती ती.

मी त्यांना खाली येणं थांबवायला लावलं, डावीकडं वळवलं आणि सांगितलं, “तुमच्या उजवीकडं ग्लायडर आहे. गोल फिरतंय.”

एका बाईचा आवाज आला. शांत आणि तरुण. “यंत्रावर दिसतंय.” थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज. “डोळ्यांनी दिसलं. उजवीकडे, पांढरं ग्लायडर.”

मग दुसरा आवाज, कॅप्टनचा, जरा वैतागलेला. “या हवेत ग्लायडर काय करतंय?”

“घरी चाललंय,” मी म्हणालो.

विमान निघून गेलं. बर्डेनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. वनूचा ठिपका सरळ झाला आणि माळाच्या दिशेनं लागला. मला वाटलं, आता झालं. संध्याकाळी हे आप्पांना रंगवून सांगायचं.

ढगानं मग आपली हवा खाली सोडली. बाहेर काय झालं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. वारा फिरला, धुळीची भिंत उठली, गावातले पत्रे उडाले. आत मला फक्त आकडे दिसले. अठ्ठावन्न. त्रेपन्न. सेहेचाळीस. ग्लायडर असं उतरत नाही. कुणीतरी वरून दाबल्यासारखं ते खाली येत होतं.

“खूप खाली ओढतंय,” ती म्हणाली. “समोरून वाराही आहे. माळावर पोचणार नाही. शेत बघते.”

“समजलं. जमिनीवर वारा पश्चिमेचा, झोताचा. दुसरी विमानं तुमच्या आसपास नाहीत.”

“समजलं.”

अडतीस. चौतीस. मी आणखी काहीच सांगू शकत नव्हतो. तिथलं शेत कसलं, ऊस आहे की मोकळं, बांध कुठं, झाडं कुठं, मला काही दिसत नव्हतं. माझ्यासमोर काळा पडदा आणि त्यावर ठिपका.

“नदीच्या अलीकडं मोकळा पट्टा आहे,” ती म्हणाली. “तिथं उतरते. ट्रान्सपॉन्डर चालू आहे.”

तिचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. वर्गात फळ्याकडं तोंड करून बोलत असेल तसा. मी म्हणालो, “समजलं.”

सव्वीस. मग ठिपका पुसला गेला.

डोंगराआड खाली गेलं की ठिपका जातोच. यात काही नवं नव्हतं. मी स्वतःला ते दोनदा सांगितलं. तिला हाक मारली. पुन्हा मारली. मध्येच दुसऱ्या एका विमानानं उतरायची परवानगी मागितली आणि मी ती दिली. माझ्या आवाजात काहीच फरक नव्हता, असं बर्डे नंतर म्हणाला. त्यानं माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि मला खुर्चीतून उठवलं. ठिपका जिथं गेला ती जागा आम्ही पोलिसांना कळवली. त्यामुळं माणसं फार लवकर पोचली. त्याचा उपयोग झाला नाही.

शेत तिनं बरोबर निवडलं होतं. सबनीस सर नंतर ते सगळं शेत चालून आले. म्हणाले, “फरांदे, मीही हेच निवडलं असतं.” नांगरून सपाट केलेलं रान, लांब, वाऱ्याच्या तोंडाला. बांधावरून शेतीपंपाची विजेची तार गेली होती. धुळीत ती दिसण्यासारखी नव्हती. सर हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हते, हातातली टोपी फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. मथळा असा होता की ट्रान्सपॉन्डरमुळं मोठा अपघात टळला. बातमीत विमानातल्या प्रवाशांबद्दल लिहिलं होतं, नियंत्रकाच्या प्रसंगावधानाबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी, ग्लायडरच्या महिला वैमानिकाचा नंतर खराब हवेत मृत्यू झाला, एवढं. ऑफिसात लोक माझ्याशी हात मिळवायला यायचे, मग मध्येच आठवून हात मागं घ्यायचे.

घरी पाहुणे होते. बायका आत बसल्या होत्या. आप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी समजूत घालायला म्हणून पेपर वाचून दाखवला. “पोरीनं केवढी माणसं वाचवली बघा, फरांदे.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. “म्हणजे यंत्र चाललं?”

“हो, आप्पा.”

“नीट चाललं?”

“नीट चाललं.”

“तुला दिसत होती ती?”

“हो.”

“पूर्ण वेळ?”

मी मान डोलावली.

“मग पोरगी कुठाय?” आप्पा म्हणाले.

ते रागानं बोलले नव्हते. खरंच विचारत होते. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडण असं नव्हतं. ताट वाढलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे. पण मी खोलीत आलो की त्यांची नजर खाली जायची. जन्मभर एकही अपघात न करता गाडी चालवलेला माणूस. रस्त्यावर समोर काय आहे ते दिसलं की आपण वाचवू शकतो, एवढं एकच त्यांनी आयुष्यभर खरं धरलं होतं. मला दिसत होती, आणि मी वाचवलं नाही. त्यांच्या मनात ते पुढं सरकतच नव्हतं. मला ते समजत होतं, म्हणून मी समजावत बसलो नाही. कामावर जायचो, पडद्यासमोर बसायचो. माळाकडचा कोपरा रिकामा असायचा. क्लबनं महिनाभर उड्डाणं बंद ठेवली होती.

पावसाळा सरता सरता एका रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर एक मुलगी उभी होती. साधा पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी, हातात फळांची पिशवी. वनूच्याच वयाची असेल.

“फरांद्यांचं घर हेच ना? सबनीस सरांनी पत्ता दिला.”

“हो, या ना. आत या,” मी म्हणालो.

ती आत आली नाही. उंबऱ्याशीच थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. “तुम्ही... परत बोला जरा.”

“काय?”

“तुमचा आवाज.” तिनं ओठांवर हात ठेवला. “त्या दिवशी रडारवर तुम्ही होता?”

आता मलाही तिचा आवाज ओळखू आला. तो मी रेडिओवर कितीतरी वेळा ऐकला होता. “हो,” मी म्हणालो.

“आणि वनिता फरांदे तुमच्या कोण?”

“बहीण.”

ती तिथंच पायरीवर बसली. पिशवीतली मोसंबी घरंगळली. मी ती गोळा करत राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. थोड्या वेळानं ती म्हणाली, “तुम्ही म्हणालात, घरी चाललंय. आम्ही कॉकपिटमध्ये ते ऐकलं. मला काय माहीत...”

तिचं नाव शगुफ्ता मुजावर. मूळची सांगलीची. त्या विमानाची सहवैमानिक. वैमानिकाच्या उजव्या हाताला बसते ती. यायचं यायचं म्हणत इतके दिवस गेले, धीर झाला नाही, असं म्हणाली. मी तिला आप्पांकडं नेलं. कोण ते सांगितलं. आप्पांनी मान वर केली.

“तुम्ही ते विमान चालवत होता?”

“हो, काका. कॅप्टन दुसरे होते, मी बाजूला.”

“बसा.”

ती जमिनीवरच बसली. खुर्ची दिली तरी घेतली नाही. मी चहा टाकायला आत गेलो. घर लहान, आतून सगळं ऐकू येत होतं.

“काका, चौकशीत मला विचारलं ते मी सगळं सांगितलं,” ती म्हणत होती. “अंतर किती, उंची किती. पण एक गोष्ट विचारली नाही, म्हणून राहून गेली. ती तुम्हाला सांगायला आलेय. मी तिला बघितलं.”

मी साखर घालता घालता थांबलो.

“सात-आठ सेकंद असतील. मागं तो काळा ढग होता आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. एवढं पांढरं मी आभाळात काही बघितलं नाही, काका. एक पंख वर, एक खाली, सावकाश वळत होती. शेजारी एक घार होती, तीपण फिरत होती. घाई नव्हती, काही नव्हतं. तिनं आमचं विमान बघितलं असणार, कारण ती सरळ झाली आणि तिनं पंख हलवले. असे. एकदा डावा, एकदा उजवा.”

“ते कशाला?”

“आम्ही लोक करतो तसं. दुसरं विमान दिसलं की. राम राम म्हणतात ना, तसं.”

चहाला उकळी आली होती, मी गॅस बारीक केला.

“आमच्यातबी करतात,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतक्या दिवसांत मी असा ऐकला नव्हता. “समोरनं एसटी आली की ड्रायव्हर हात करतो. ओळख असो नसो. रात्र असली तर लाइट.”

“हो ना. मग तसंच.”

“हात केला म्हणजे पोरीनं.”

“हात केला, काका.”

“मग तुम्ही काय केलं?”

शगुफ्ता म्हणाली, “आमच्या मागं प्रवासी असतात, पंख हलवता येत नाहीत. मी पुढचा लाइट बंद करून परत लावला. कॅप्टन म्हणाले, हे काय? मी म्हणाले, चुकून हात लागला.”

“तिला दिसला असंल?”

“समोरच होतो आम्ही. दिसला असेल.”

“दिसला असंल,” आप्पा म्हणाले. मग पुन्हा, “घार होती म्हणता शेजारी?”

“होती.”

“परत सांगा.”

तिनं पुन्हा सांगितलं. ऊन, ढग, पंख. आप्पा मध्येच विचारायचे, टोपी कुठल्या रंगाची दिसली का, काचेतून डोकं दिसलं का. टोपी पांढरी होती असं वाटतं, ती म्हणाली, नक्की सांगता येत नाही, लांब होतं. आप्पा म्हणाले, पांढरीच होती, मीच आणून दिली होती बाजारातून. मी चहाचे कप आणून त्यांच्यापुढं ठेवले. आप्पा रडत होते. वनू गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर हात न घेता, सरळ तिच्याकडं बघत, आणि ती सांगत होती आणि तीही रडत होती.

निघताना शगुफ्ता त्यांच्या पाया पडली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “परत कधी उड्डाण?”

“उद्या सकाळी.”

“सावकाश जा.”

मी तिला रिक्षापर्यंत सोडून परत आलो. कप तसेच होते, चहावर साय धरलेली. आप्पा त्याच जागी बसले होते. मी कप उचलायला वाकलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“सुहास.”

“काय, आप्पा?”

“ती पोरगी म्हणते, ऊन होतं. घार होती. पंख हलवले.” त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, कितीतरी दिवसांनी. “तुला यातलं काय दिसलं?”

“काहीच नाही, आप्पा.”

“मग काय दिसत होतं?”

मी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. एवढं. ज्वारीच्या दाण्याएवढं.

आप्पा त्या चिमटीकडं बघत राहिले. मग त्यांनी माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, लहानपणी थंडीत घ्यायचे तसा, आणि दाबून धरला.

“आरं, पोरा,” ते म्हणाले. “आणि एवढ्याकडं बघत बसला होतास होय रे तू, एकटाच.”